मागच्या खोलीचा ताबा

हे ऐकून कुणाचा विश्वास बसायचा नाही, पैजेवर सांगतो. मी आयुष्यात पुष्कळ काही सांगितलं आहे. घोड्याला कवळी बसवल्याचं सांगितलं. आमच्याकडच्या दातांनी एका गवयाचा आवाज अर्ध्या सुराने चढला, तेही सांगितलं. लोकांनी मुकाट्याने गिळलं. पण एका खोलीसाठी सात वर्षं 'माझी, माझी' म्हणून भांडलेले दोन सख्खे भाऊ अर्ध्या तासात 'माझी नाही, त्याची' म्हणत एकमेकांच्या अंगावर धावून गेले, हे सांगितलं की लोक हसतात आणि म्हणतात, म्हातारा सुटला. आणि नेमका यातलाच शब्दन् शब्द खरा.

"शब्दन् शब्द?" त्या भावांतल्या धाकट्याच्या लेकीने विचारलं.

ती पॉलिशच्या चाकाजवळच्या स्टुलावर बसली होती, हेल्मेट मांडीवर घेऊन. सतरा वर्षांनी या घरात पाऊल टाकलं होतं तिने. आली, इकडचं तिकडचं काही बोलली नाही, सरळ म्हणाली, "मामाआजोबा, त्या दिवसाचं सांगा." कुठल्या दिवसाचं, ते विचारायची गरज नव्हती.

"जवळजवळ," मी म्हणालो.

*

अक्का, माझी थोरली बहीण, जाऊन चार महिने झाले होते. तिच्यामागे दोन मुलगे, दोन सुना, एक सात वर्षांची नात, आणि मी. मी चार दिवसांसाठी म्हणून अक्काकडे राहायला आलो होतो, त्याला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

घरचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर गिऱ्हाइकाच्या तोंडाचा ठसा पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतो, मेणात एकेक दात रोवतो, शिजवतो, घासतो, चकाकवतो. यात सगळ्यात अवघड काम कुठलं? लोकांना वाटतं, माप. माप कुणीही घेतं. अवघड असतो रंग. दात पांढरा नसतो. कुणाचा हस्तिदंती, कुणाचा चहाच्या बशीसारखा, कुणाचा जुन्या पोस्टकार्डासारखा. आणि तो रंग दिव्याखाली जुळत नाही. त्याला थेट उन्हाचा नसलेला, स्वच्छ, थंड उजेड लागतो. तो आमच्या घरात एकाच जागी होता, मागच्या खोलीच्या खिडकीत.

म्हणून ती खोली. दोन्ही भावांनी एकाच घरात दोन धंदे मांडले होते, अर्धं टेबल याचं, अर्धं त्याचं, पण उजेड अर्धा करता येत नव्हता. सात वर्षं खटला चालला. दोघांनीही कोर्टात शपथेवर लिहून दिलं होतं की मागच्या खोलीचा ताबा पूर्णपणे माझा, दुसऱ्याचा तिथे काडीचा संबंध नाही. अक्का आजारी पडली तेव्हा तिने खाटही त्याच खिडकीखाली टाकायला लावली. म्हणाली, "मरायचं तर चांगल्या उजेडात मरेन." दोन महिने ती तिथेच होती.

त्या दिवशी सकाळी थोरल्याने त्या खोलीला नवीन कुलूप लावलं. नऊ वाजता धाकट्याने ते प्लास्टर कापायच्या करवतीने कापलं. साडेनऊला थोरल्याने ते पाहिलं. पावणेदहाला धाकट्याने, लक्ष देऊन ऐक, धाकट्याने स्वतः ठाण्यावर फोन लावला आणि म्हणाला, "माझ्या खोलीत जायला मला अडवतात, येऊन एकदा काय ते लिहून घ्या."

"म्हणजे बाबांनीच बोलावलं पोलिसांना?"

"पत्ता नीट समजावून सांगितला. वळणावर गाडी चुकते म्हणून मला खाली उभं केलं."

फौजदार आला तो हडकुळा, शांत, वरचे पुढचे दोन दात बनावट. वाईट काम. 'स' म्हणताना शिट्टी वाजायची. बरोबर एक जाडजूड हवालदार. फौजदाराने मागच्या खोलीच्या मधोमध उभं राहून वही उघडली.

"ताबा कुणाचा?"

"माझा," दोघे एका सुरात. लहानपणी कविता म्हणायचे तसे.

"एकेकाने बोला."

"मी थोरला आहे," थोरला म्हणाला. "लिहा साहेब. खोली, खाट, भट्टी, कपाट, सगळं माझ्या ताब्यात. कपाटाच्या मागच्या खिळ्यासकट लिहा."

"तो खिळा मी ठोकलाय!" धाकटा म्हणाला. "साहेब, माझं लिहा. या खोलीतली वस्तू न् वस्तू माझ्या ताब्यात आहे. माझ्या नकळत इथली टाचणी हलत नाही."

"टाचणी," फौजदाराने लिहिलं.

"ह्याला ह्या कपाटात काय आहे ते तरी माहीत आहे का, विचारा!"

"तुला माहीत आहे?"

"मला? मला कप्पा न् कप्पा पाठ आहे!"

"मला डोळे मिटून सांगता येईल!"

फौजदार सगळं लिहून घेत होता. इतक्या आनंदाने कुणाला कबुली देताना त्याने नोकरीत पाहिलं नसणार. दोघांनी खाली सह्या केल्या. धाकट्याने तर तारखेखाली वेळही टाकली, थोरल्याच्या आधीची.

तेवढ्यात हवालदाराला कोपऱ्यात पांढऱ्या पुडीची पिशवी दिसली. त्याने मोठ्या हुशारीने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. प्लास्टर होतं. संध्याकाळपर्यंत त्याची जीभ टाळूला चिकटून बसली होती...

"मामाआजोबा."

"बरं, दहा मिनिटं."

फौजदार म्हणाला, "आता कपाट उघडा, यादी करतो." उघडलं. तयार दात चिकटवलेली कार्डं, मेणाच्या पट्ट्या, अक्काचा चष्मा, आणि सगळ्यात वरच्या फळीवर बिस्किटांचा चौकोनी डबा. डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर लाल रेघ. फौजदाराने एक पट्टी खिडकीकडे धरली आणि वाचली. मग दुसरी. मग त्याने वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं. त्यानंतर त्याचा 'स' शिट्टी न वाजवता यायला लागला.

"मॉर्फीन आहे हे," तो म्हणाला. "कुणाचं?"



"दादाचं कपाट आहे ते," धाकटा म्हणाला.

"माझं? तू आत्ता टाचणीवर हक्क सांगत होतास!"

"मी खोलीचं म्हणालो. तुला कप्पे पाठ आहेत."

"खिळा तुझा आहे ना? मग कपाट कुणाचं?"

आणि धावले एकमेकांवर. मी मध्ये पडलो. मी उंचीने लहान म्हणून दोघांच्या कोपरांच्या बरोबर मध्ये आलो. हवालदाराने सोडवलं. फौजदार नुसता बघत होता. शेवटी वहीवर बोट ठेवून म्हणाला, "भांडू नका. दोघांच्याही सह्या आहेत."

*

वकीलबाई अर्ध्या तासात आली. खोलीच्या खटल्यात ती धाकट्याची वकील होती, थोरल्याने आजवर तिचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यानेच तिला खुर्ची पुसून दिली. तिने फौजदाराशी दारात उभं राहून बोलणं केलं. डबा मोहोरबंद झाला, गोळ्या मोजल्या गेल्या, दोनशे बारा, त्यात दीड वाजला. आणि ठरलं की चार वाजता ती दोन्ही भावांना घेऊन ठाण्यावर येईल. तोवर डबा कोणी ठेवला ते घरच्यांनी सांगायचं. कोणी सांगितलं नाही तर दोघेही आत.

पुढच्या दालनात कामाच्या टेबलाभोवती सगळे बसले. टेबलावर प्लास्टरचे वीसेक जबडे वाळत पडले होते. इतकी तोंडं, पण बोलेना कुणी.

"ताबा म्हणजे काय, ते मी यांना सात वर्षं शिकवतेय," वकीलबाई म्हणाली. तिला हसू येत नव्हतं. "आता तेच उलटीकडून ऐका. वस्तू तुमच्या खिशात सापडायलाच हवी असं नाही. ती तिथे आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि ती ठेवायची की काढायची हे तुमच्या हातात आहे. एवढं झालं की ताबा झाला. दोघांचा मिळूनही होतो."

"आम्हाला माहीत नव्हतं म्हणालो तर?" थोरल्याने विचारलं.

"तर ते तुम्ही पटवून द्यायचं. एकदा ताबा ठरला की माहीत नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. आणि तुम्ही 'कप्पा न् कप्पा पाठ आहे' याखाली सही केलीय."

"आईचं औषध होतं ते!" धाकटा म्हणाला. "डॉक्टरची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठी कुणाच्या नावावर?"

"आईच्या."

"मग आई होती तोवर गोळ्या तिच्या. ती गेली त्या दिवशी त्या हॉस्पिटलात परत करायच्या होत्या, पावती घ्यायची होती. त्यानंतरचे चार महिने त्या कुणाच्या होत्या? कुणाच्याच नाही, हे उत्तर कायद्याला चालत नाही."

थोरलीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, पदर खोचत विचारलं, "पण गोळीत औषध असतं कणभर. बाकी खडूच ना? आम्ही पुडीच्या धंद्यातली माणसं, आम्हाला कळतं ते."

"कळतं ते तुम्हाला. तोलणारा खडू वेगळा काढत नाही, अख्खी गोळी धरतो. वजन थोडं भरलं तर म्हणतात, स्वतःसाठी बाळगलं. एका रेषेच्या वर गेलं की म्हणतात, विकायला ठेवलं. तुमच्या दोनशे बारा गोळ्या त्या रेषेच्या वर आहेत."

"किती वर्षं?" धाकट्याने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"विकण्याचं लागलं तर दहापर्यंत."

आता थोरल्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला कसं कळलं, हे विचारू नकोस. तो खालचा ओठ दाताने दाबतो तेव्हा पळवाट शोधत असतो, हे मी तो दोन वर्षांचा असल्यापासून बघतो आहे. तो शोधत होता, कुठला असा माणूस आहे की ज्याने कुठेच सही केलेली नाही. धाकटा नखाने टेबलावरचं वाळलेलं मेण खरवडत होता, म्हणजे तोही तेच शोधत होता. इतक्या वर्षांत भावाभावांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"एक वाट आहे," वकीलबाई म्हणाली. "तुमच्या आईची शुश्रूषा ज्याने केली त्याने पुढे यायचं. खरं तेच सांगायचं. मी तिला गोळ्या देत होतो, डबा मी ठेवला, परत द्यायचा राहून गेला. सोबत चिठ्ठी. मग विकण्याचा आरोप टिकणार नाही असं मला वाटतं. ताब्याचा राहील. वर्षभरात माणूस घरी येईल. अर्थात न्यायाधीश माझ्या वाटण्यावर चालत नाहीत."

धाकट्याने चिठ्ठी आणून तिच्यापुढे ठेवली.

"आणि त्या माणसाला एक प्रश्न विचारतील, त्याचं उत्तर मला आत्ता हवंय." तिने चिठ्ठी टेबलावर सरळ केली. "दिवसाला चार गोळ्या, साठ दिवस. दोनशे चाळीस आणल्या. मग दोनशे बारा उरल्या कशा?"

*

थोरलीला तो हिशेब चिठ्ठी न बघता येत होता. सांगते का, ते बघायला मी तिच्याकडे पाहिलं. तिची खोली मागच्या खोलीला लागून. मधली भिंत पातळ. दोन महिने ती उशी कानावर दाबून झोपली होती, आणि सकाळी उठून सासूपुढे पेजेची वाटी ठेवताना तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. चांगली बाई होती, असं मी म्हणणार नाही. पण बहिरी नव्हती.

"अठ्ठावीस दिल्या," ती म्हणाली.

"तू गप्प बस," थोरला म्हणाला.

"दोन महिन्यांत अठ्ठावीस. मी पट्ट्या बघत होते."

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. "का?"

"सवय लागते त्या गोळ्यांची," थोरला म्हणाला. "डॉक्टरच म्हणाला होता, जपून."

"मरणाऱ्या बाईला सवय?"

"दादा, सांग ना सरळ," धाकटा म्हणाला. "गोळी घेतली की आईला बोलायचं सुधरत नव्हतं. आणि तुला दोन महिने तिची सही हवी होती, म्हणून तू गोळ्या मोजून काढायचास. मृत्युपत्राचे साक्षीदार यायचे होते, म्हणून तू सोमवारपासून गोळ्या बंद केल्यास."

"आणि तू? तुझे साक्षीदार बुधवारी आले ना? मंगळवारी डबा वरच्या फळीवर कुणी ठेवला? आईचा हात पोचू नये म्हणून?"

"तू लपवला नसतास तर मी कशाला ठेवला असता!"

"म्हणजे तू ठेवलास. ऐकलं ना, वकीलबाई?"

"मी एकदाच ठेवला. त्याआधी तू ठेवलास, तुझ्या चपलांच्या खोक्यात होता!"

अक्काचं तोंड मला आठवलं. ती माझी बहीण. लहानपणी विंचू चावला तरी हूं की चूं न करणारी. त्या आठवड्यात ती दात खाऊन खाऊन पुढच्या दाताचा टवका उडवून बसली होती. तो टवका मी उशीवरून उचलला. रंग बघितला, सवयीने.

"त्यांनी सही कुणाच्या कागदावर केली?" वकीलबाईने विचारलं.

"कुणाच्याच नाही," थोरली म्हणाली. "दोन्ही वेळा पेन हातात धरलं, दोन्ही वेळा म्हणाल्या, आधी गोळी."

वकीलबाई उठली. तिला फोन करायचा होता, किंवा नव्हता. "हे ज्या कलमात बसतं, ते कलम माझ्या पुस्तकात नाही," ती म्हणाली. "मी जिन्यात आहे. मला एक नाव सांगा. अडीच वाजलेत."

ती गेली आणि दार लोटलं गेलं. आणि मग जे झालं त्यावरच कुणाचा विश्वास बसत नाही. थोरल्याने खुर्ची सरकवली आणि धाकट्याच्या शेजारी जाऊन बसला. सात वर्षांत पहिल्यांदा.

"पिट्या," तो म्हणाला. या नावाने धाकट्याला शाळेनंतर कुणी हाक मारली नव्हती. "हे बाहेर जाता कामा नये."

"नाही जाणार."

"आपण दोघे गेलो तर धंदा गेला. डॉक्टर लोक ठसे पाठवायचे बंद होतील."

"तू गेलास तरी बंद. मी गेलो तरी बंद."

"तेच म्हणतोय मी."

"शुश्रूषा..." धाकटा म्हणाला आणि थांबला. पुढचा शब्द भावाने उच्चारावा म्हणून वाट बघत राहिला.

"माझ्याकडे बघू नका," थोरली ताडकन म्हणाली. "मी स्वयंपाक सांभाळत होते. अंग पुसणं, कूस बदलणं, गोळी तोंडात घालणं, सगळं तीच करायची."

'ती' म्हणजे धाकटी, धाकट्याची बायको. खरंच सगळं तीच करायची. तिच्या हातात जी गोळी ठेवली जायची ती ती द्यायची, आणि नाही ठेवली की दोघांच्या दारात जाऊन उभी राहायची. एकदा थोरल्यापुढे तिने हात जोडले होते. थोरलीने ते पाहिलं होतं. पण त्या दिवशी 'गोळी तोंडात घालणं' एवढंच म्हणाली आणि टेबलावरचा एक प्लास्टरचा जबडा उगाच उलटा करून ठेवला.

"तिचं ऐकतील," थोरला म्हणाला. "लहान पोर आहे पदरात. वर्षभराचाच प्रश्न आहे."

"माझी बायको आहे ती, दादा."

"म्हणूनच तू म्हटलेलं ती ऐकेल."

धाकटा काय म्हणाला? काही नाही. तो मान खाली घालून मेण खरवडत राहिला. नकार द्यायला माणसाला एक शब्द लागतो. त्याने तेवढाही खर्च केला नाही.

"आणि तुम्ही?" लेकीने विचारलं. "तुम्ही काय केलंत?"

"मी? मी घड्याळाकडे बघत होतो."

"नुसतं?"

"मी म्हातारा माणूस. कुणाच्या घरात चार दिवसांसाठी आलेला. माझं कोण ऐकणार?"

हेल्मेटच्या काचेवर तिने अंगठा फिरवला. मला वाटलं, आता मी गोष्ट नीट जागी नेऊन ठेवावी. इतकी वर्षं मी ती तिथेच नेऊन ठेवत आलो आहे, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे तिथे भरून आले आहेत.

"तर," मी म्हणालो, "तेवढ्यात मागचं दार वाजलं. धाकटी आत आली. हात ओले, पदराला पुसत. ती मागे उभी राहून सगळं ऐकत होती, कुणाला पत्ता नव्हता. पोरी, तुझी आई त्या क्षणी कशी दिसली म्हणून सांगू! दोन्ही भावांकडे तिने एकेकदा पाहिलं. ते दोघे खुर्चीतून अर्धे उठले. आणि ती काय म्हणाली? म्हणाली, 'अक्कांना मी हाताने भरवलं आहे. त्यांचा डबा माझा. कुणी भांडू नका. आणा तो कागद, कुठे सही करायची?' थोरला रडायला लागला. धाकट्याने तिचे पाय धरले. मी म्हणालो, बाई, विचार कर. तर मलाच म्हणते कशी, 'मामा, घरातल्या कुणाला तरी जावंच लागणार, मग मी का नको?' सगळा कागद तिने दोनदा वाचला, शांतपणे, आणि..."

"थांबा."

ती स्टुलावरून उठली होती.

"आई या खोलीत नव्हती, मामाआजोबा."

"अगं, तू सात वर्षांची होतीस..."

"मी सात वर्षांची होते आणि माझी शाळा तीनला सुटायची. आई मला घ्यायला आली होती. फाटकाशी तुम्ही उभे होतात. मला खेळायला प्लास्टरचा एक छोटा जबडा दिलात आणि आईपुढे कागद धरलात. आईने तो वाचला नाही, तिचा चष्मा घरी होता. तिने विचारलं, यात काय आहे? तुम्ही म्हणालात, सगळ्यांनी मिळून जबाब दिलाय, डबा घरात सगळ्यांच्या नजरेसमोर होता म्हणून. सगळ्यांच्या सह्या झाल्यात, तुझीच राहिलीय."

चाकाजवळची पॉलिशची पूड माझ्या घशात गेली असावी. मी खोकलो.

"तिने कागद माझ्या पाठीवर ठेवून सही केली," ती म्हणाली. "चार वर्षं गेली तिची. एकटीची. पण सही करायच्या आधी तिने तुम्हाला एकच विचारलं होतं, मी ऐकलंय. 'मामा, तुमचीही आहे ना यावर?' आणि तुम्ही हो म्हणालात."